क्लॅटचा पेपर पुरा होत नाही आणि गुण पन्नाशीतच अडकलेत, तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या डिचोलीची विद्यार्थिनी, बारावी कला शाखा, चौथीपर्यंत मराठी माध्यम, येत्या डिसेंबरात क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा). तयारी घरच्या घरी. शेवटच्या मॉकमध्ये (सराव पेपरात) १२० पैकी ९२ प्रश्न सोडवले, ६२ बरोबर, ३० चूक, चुकीला पाव गुण वजा, म्हणजे ५४.५ गुण. शेवटचे उतारे वाचायचेच राहतात, कायद्याचा भाग सोपा वाटूनही त्यातच गुण जातात, मॉकच्या आदल्या रात्री झोप येत नाही. पणजीला क्लास लावू का, हेही विचारलं आहे.

आधी तुझेच आकडे बघू. तुझं लक्ष राहिलेल्या २८ प्रश्नांवर आहे. माझं लक्ष चुकलेल्या ३० वर आहे. त्यातले फक्त दहा सुधारले तर ७२ बरोबर आणि २० चूक, म्हणजे ६७ गुण. एकही जादा प्रश्न न सोडवता साडेबारा गुण वाढले. उरलेले २८ याच अचूकतेने सोडवले तर सोळा-सतरा गुण मिळतील हे खरं, पण त्यासाठी तीस टक्के जास्त वेग लागतो आणि तो यायला महिने जातात. चुका कमी करणं हे काही आठवड्यांचं काम आहे. म्हणून दोन्ही आजपासून सुरू कर, पण फळ आधी कुठून मिळणार ते लक्षात ठेव.

आता वेग. २०२४ च्या प्रवेशाची क्लॅट (ती झाली डिसेंबर २०२३ मध्ये) हिच्यापासून पेपर १२० प्रश्नांचा आणि १२० मिनिटांचा आहे. उतारा साधारण ४५० शब्दांपर्यंतचा. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदा, तर्क आणि थोडं गणित मिळून वीसच्या आसपास उतारे धरले तर नऊ हजार शब्द होतात, आणि प्रश्न-पर्यायांचे आणखी पाच-सहा हजार. म्हणजे ढोबळमानाने पंधरा हजार शब्द. मिनिटाला १५० शब्द वाचणाऱ्याची १०० मिनिटं नुसत्या वाचनात जातात, विचार करायला आणि उत्तरपत्रिकेतले गोल रंगवायला मिळून वीस उरतात. २०० शब्द वाचणाऱ्याचं वाचन ७५ मिनिटांत होतं आणि ४५ हाताशी राहतात. तुझे शेवटचे उतारे राहतात ते याच हिशेबाने. कायदा कच्चा आहे म्हणून नव्हे.

वेग मोजणं सोपं आहे. ४५० शब्दांचा उतारा घे, घड्याळ लाव. तीन मिनिटं लागली तर वेग १५०, सव्वादोन मिनिटं लागली तर २००. पण वाचून झाल्यावर कागद उलटा ठेवून तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: लेखकाचं म्हणणं काय, ते कशाच्या आधारावर, आणि तो कोणाचं म्हणणं खोडतो आहे. त्या सांगता आल्या नाहीत तर तो वेग धरायचा नाही.

आपल्याकडे पाचवीपासून पुस्तकं इंग्रजी होतात, पण वाचन प्रश्नोत्तरांपुरतंच राहतं. सलग पान वाचायची सवय लागत नाही. त्यातून तीन खोडी जडतात: प्रत्येक वाक्य मनात मराठीत आणणं, मागे जाऊन तीच ओळ पुन्हा वाचणं, आणि अनोळखी शब्दापाशी थांबून राहणं. यावर रोज चाळीस मिनिटं दे. इंग्रजी दैनिकाचा एक अग्रलेख किंवा संपादकीय पानावरचा एक लेख घड्याळ लावून वाच. पेनाचं टोक ओळीखालून सरकवत ने, मागे न्यायचं नाही. शब्द अडला तर खूण करून पुढे जा, अर्थ नंतर बघ. प्रत्येक परिच्छेदासमोर समासात तीन-चार शब्दांत सार लिही. ते मराठीत लिहिलंस तरी चालेल, तपासणारं कोणी नाही. मग तोच लेख दुसऱ्यांदा वाचून लेखक कुठे वळतो ते शोध. मत सहसा ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘येट’ यांच्यानंतर येतं आणि प्रश्न तिथूनच निघतात. हजार शब्दांच्या याद्या पाठ करायचा वेळ यात घाल. उताऱ्यातला शब्द बहुतेक वेळा संदर्भानेच विचारतात.

कायद्याच्या भागाबद्दल जरा सविस्तर, कारण ‘जमतं पण चुकतं’ ही तक्रार इथलीच. उदाहरण मीच रचलं आहे. उताऱ्यात नियम असा दिला आहे समज: नोकराने कामाच्या ओघात केलेल्या निष्काळजीपणाला मालक जबाबदार असतो. नोकर स्वतःच्या खासगी कामासाठी ठरलेल्या वाटेवरून बाजूला गेला तर त्या वेळेपुरता मालक जबाबदार नाही. तो पुन्हा कामाच्या वाटेवर आला की जबाबदारी पुन्हा सुरू होते. आता घटना: म्हापशातल्या एका बेकरीचा पोदेर सायकलवरून पाव देत फिरतो आहे. मध्येच तो फुटबॉलचा सामना बघायला मैदानावर जातो. मालकाने त्याला याबद्दल आधीच दोनदा ताकीद दिलेली आहे. अर्ध्या तासाने तो परत आपल्या पाव द्यायच्या रस्त्याला लागतो आणि दोन घरं पुढे गेल्यावर एका म्हाताऱ्याला धडक देतो. बेकरीमालक जबाबदार का?

पर्याय साधारण असे येतील. एक, नाही, कारण पोदेर खासगी कामाला गेला होता. दोन, नाही, कारण मालकाने मनाई केली होती. तीन, हो, कारण धडक बसली तेव्हा तो कामाच्या वाटेवर परतला होता. चार, हो, कारण मालक नोकराच्या प्रत्येक कृत्याला जबाबदार असतो. उत्तर तिसरं.

कोण कुठे घसरतं ते बघ. पहिला पर्याय निवडणाऱ्याने नियमाचं दुसरं वाक्य वाचलं आणि तिसरं वाचेपर्यंत मनात निकाल देऊन टाकला. दुसरा निवडणाऱ्याला ताकीद महत्त्वाची वाटली, पण दिलेल्या नियमात मनाईचा शब्दच नाही. घटनेत एखादी गोष्ट ठसठशीतपणे सांगितली म्हणून ती नियमात आहे असं होत नाही, ती बहुतेकदा तुला भुलवायलाच टाकलेली असते. चौथा निवडणाऱ्याने अपवाद सोडून नुसता मूळ नियम धरला. आणि तिसऱ्या पर्यायाचं ‘हो’ पाहून कारण न वाचताच खूण करणारेही असतात. ते इथे निभावले, पण तिसरा आणि चौथा दोन्ही ‘हो’ असताना कधीतरी आपटतात. कारणासकट पर्याय तपासायचा. निष्कर्ष बरोबर आणि कारण चूक, हा नेहमीचा सापळा आहे.

म्हणून नियम वाचताना त्याचे तुकडे कर आणि समासात आकडे घाल: १ कामाचा ओघ, २ बाजूला गेला तर नाही, ३ परतला तर हो. मग घटना त्या आकड्यांवर बसव. ‘शॅल’ की ‘मे’, ‘अँड’ की ‘ऑर’, ‘अनलेस’, ‘ओन्ली इफ’, ‘प्रोव्हायडेड दॅट’ यांना गोल कर. ‘अँड’ने जोडलेल्या दोन अटींपैकी एकच पुरी झाली तर नियम लागू होत नाही, आणि घाईत हीच चूक सगळ्यात जास्त होते.

गोव्याच्या मुलांसाठी एक खास सावधगिरी. इथे पोर्तुगीज नागरी संहितेचं कौटुंबिक आणि वारसा कायद्याचं वळण अजून चालू आहे, घरात कधीतरी इन्व्हेंटरीचं (वारसांत मालमत्ता वाटण्याचं) प्रकरण झालेलं असतं, आणि मालमत्तेचा अर्धा भाग वारसांसाठी राखीव असतो, मृत्युपत्राने तो काढून घेता येत नाही, हे मोठ्यांच्या बोलण्यातून कानावर पडलेलं असतं. पेपरमध्ये उताऱ्यातला नियम जर ‘माणूस आपली सर्व मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो’ असा असेल, तर डिचोलीत काय चालतं हे तिथे विसरायचं. मात्र समान नागरी कायद्यावर चालू घडामोडींचा उतारा आला तर तीच माहिती कामाला येते: २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने जुझे पावलो कुतिन्यो प्रकरणात गोव्याचं उदाहरण दिलं होतं, आणि उत्तराखंडचा कायदा जानेवारी २०२५ मध्ये अमलात आला. कुठल्या भागात बाहेरचं ज्ञान आणायचं आणि कुठे दाराबाहेर ठेवायचं, हा फरक पक्का हवा.

चालू घडामोडींचे २८ ते ३२ प्रश्न. इथे उतारा नुसती आठवण करून देतो, उत्तर तुझ्याकडे असावं लागतं. त्यामुळे हा भाग दहा मिनिटांत उरकतो, आणि जे येत नाही त्यावर डोकं खाजवण्यात अर्थ नसतो. टिपणं तारखेप्रमाणे काढू नकोस, विषयाप्रमाणे काढ. म्हादई नदीचा पाणीतंटाच घे. एका पानावर: कोणती राज्यं (गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र), घटनेचं कलम २६२, आंतरराज्य नदी पाणीतंटा कायदा १९५६, लवाद २०१० मध्ये, निवाडा ऑगस्ट २०१८ मध्ये, त्यानंतर काय घडलं. उद्या उतारा कावेरीवर आला तरी या पानाचा निम्मा भाग तिथे चालतो. विषय समजून घ्यायला मराठी पेपर उत्तम, पण संस्था आणि करारांची नावं इंग्रजीतही लिहून ठेव. परीक्षेत ती इंग्रजीत येतात आणि ओळखीचं नाव परकं वाटतं.

तर्काच्या भागात युक्तिवाद आहे. गृहीतक शोधताना पर्याय उलटा करून बघ: उलटा केल्यावर युक्तिवाद कोसळला तर तेच गृहीतक. इतर प्रश्नांत ‘सगळे’, ‘कधीच’, ‘फक्त’ असे टोकाचे शब्द असलेल्या पर्यायावर संशय घे, उतारा स्वतः टोकाचा नसेल तर.

गणिताचे १० ते १४ गुण कला शाखेची मुलं सोडून देतात. सोडू नकोस. दहावीपर्यंतचे टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा आणि तक्त्यातली आकडेमोड, एवढंच आहे. अपूर्णांकांची टक्केवारी तोंडपाठ कर (१/८ म्हणजे १२.५, १/६ म्हणजे १६.६७, १/७ म्हणजे १४.२९). रोज वीस मिनिटं दिलीस तर दोन महिन्यांत आठ-नऊ गुण पक्के.

वेळेची वाटणी सुरुवातीला अशी धर: चालू घडामोडी १० मिनिटं, कायदा ३५, तर्क २८, इंग्रजी २२, गणित १५, हाताशी १०. पेपर कागदावर असतो, क्रम तुझा. बहुतेकांना घडामोडींनी सुरुवात केलेली बरी पडते, कारण पहिल्या दहा मिनिटांत तीसेक प्रश्न मागे पडतात आणि हात गरम होतो. पण तीन मॉकमध्ये तीन क्रम करून बघ आणि सप्टेंबरनंतर क्रम बदलू नकोस.

‘खात्री नसेल तर सोडून दे’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. हिशेबाला तो टिकत नाही. बरोबरला १, चुकीला ०.२५ वजा, पर्याय चार. एक पर्याय नक्की चूक म्हणून काढता आला तर उरलेल्या तिघांतून अंदाज करण्यात सरासरीने प्रत्येक प्रश्नामागे ०.१७ गुणाचा फायदा आहे, दोन काढता आले तर जवळजवळ ०.३८ चा. म्हणजे एक पर्याय कटला की खूण करायची. एकही कटत नसेल तेव्हाच पुढे जा, तिथे फायदा नगण्य आहे आणि वेळ मात्र जातो. तुझे ३० चुकीचे या कारणाने आहेत का, ते तपासून बघ. बहुधा नाहीत. ते ‘नक्की बरोबर’ म्हणून केलेले असणार.

ते तपासायला वही घाल. प्रत्येक चुकीपुढे कारण एका शब्दात: वाचलं नाही, अट सुटली, बाहेरचं ज्ञान, दोघांत अडकले, माहिती नव्हती, गोल चुकला. मॉक दोन तासांचा तर तपासणी तीन तासांची. चार मॉकनंतर वहीत कुठला शब्द जास्त वेळा आला ते मोज, पुढचे दोन आठवडे तेवढ्यावरच काम कर. मॉक करून नुसते गुण बघणाऱ्याचे गुण तिथेच राहतात. पुढचा मॉक लावण्याआधी मागचा तपासून झालेला असला पाहिजे.

गोल रंगवायला प्रत्येकी चार-पाच सेकंद लागतात, म्हणजे सगळ्यांना मिळून आठ ते दहा मिनिटं. ती शेवटी ठेवू नकोस. एक उतारा झाला की त्याचे गोल रंगव. प्रश्न सोडलास तर पुस्तिकेत त्याच्या आकड्यावर मोठी फुली मार, नाहीतर पुढची सगळी उत्तरं एका घराने सरकतात. मॉक छापील ओएमआरवर (गोलांच्या उत्तरपत्रिकेवर), बॉलपेननेच दे. मोबाइलवर दिलेला मॉक या बाबतीत काहीच शिकवत नाही.

साहित्य म्हणून २०२० पासूनचे पेपर वापर. २०२० ते २०२३ च्या प्रवेशापर्यंत प्रश्न १५० होते, पण धाटणी हीच. त्याआधीच्या २०० प्रश्नांच्या पेपरात थेट प्रश्न असत, त्यांच्यावर वेळ घालवू नकोस. कन्सॉर्शियम (क्लॅट घेणारा विधी विद्यापीठांचा संघ) नमुना पेपर देतं, ते शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेव. आता आठवड्याला एक मॉक, चवथीच्या सुट्टीत घर पाहुण्यांनी भरेल तेव्हा नुसतं पहाटेचं वाचन, दिवाळीनंतर आठवड्याला दोन, आणि शेवटचा मॉक परीक्षेच्या चार दिवस आधी. बारावीचा अभ्यास पूर्ण बाजूला ठेवू नकोस. क्लॅट डिसेंबरच्या सुरुवातीला होते आणि बोर्ड फार लांब नसतं. राज्यशास्त्र आणि इतिहास दोन्हीकडे उपयोगी पडतात.

क्लासबद्दल आता. रोज येऊन-जाऊन दोन तास बसमध्ये जाणार असतील तर नको. मॉकची मालिका विकत घे आणि गावात तयारी करणारी एखादी सोबतीण शोध, जिला तू आपलं उत्तर का बरोबर ते तोंडी पटवून देशील. वहीत ‘माहिती नव्हती’ सोडून बाकीची कारणं दोन महिन्यांनीही तशीच राहिली, तर मात्र वाचन तपासून देणारा माणूस लागेल, आणि तो क्लासमध्ये असेलच असं नाही.

झोपेचं. एक रात्र कमी झोप झाली म्हणून पेपर जात नाही. ‘झोप आलीच पाहिजे’ या धसक्याने जास्त बिघडतं. परीक्षा गेली काही वर्षं दुपारी २ ते ४ अशी होते, नेमकी आपली जेवून आडवं व्हायची वेळ. नोव्हेंबरपासून मॉक त्याच वेळेला दे. बाराच्या सुमारास हलकं जेव, मॉकच्या दिवशी शीतकडी पोटभर नको. दुपारची झोप महिनाभर बंद ठेवलीस तर रात्रीची आपोआप लवकर येते. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. गुण सांगायचे ग्रुप बंद कर: वेगवेगळ्या मालिकांचे मॉक वेगवेगळ्या काठिण्याचे असतात, एकातले ८० आणि दुसऱ्यातले ६० सारखेच असू शकतात. सलग दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, छाती धडधडते असं झालं तर घरच्यांना सांग आणि डॉक्टरांना दाखव. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

पेपरात पहिलाच उतारा डोक्यावरून गेला तर? तो तसाच ठेवून पुढच्यावर जा. सगळ्यांनाच तो अवघड गेलेला असतो. हात थरथरला तर पेन खाली ठेवून चार-पाच वेळा सावकाश लांब श्वास सोड. अर्धं मिनिट जातं. घाबरून एकच परिच्छेद चार वेळा वाचण्यात त्याच्या कितीतरी पट जातं.

केंद्र निवडताना यादीत गोव्यातलं केंद्र असेल तर तेच पहिल्या पसंतीला घाल. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी येत आली आहे, आणि ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं, सेंट झेवियरचं फेस्त असतं. २०२३ मध्ये दोन्ही एकाच दिवशी आले होते. रविवारी गाड्या कमी, पर्वरीची कोंडी आहेच. आधीच्या रविवारी त्याच वेळेला केंद्रापर्यंत एकदा जाऊन ये. हॉल तिकिटावर ज्या वस्तू लिहिल्या आहेत तेवढ्याच ने.

घरी आल्यावर उत्तरं जुळवत बसू नकोस. तात्पुरती उत्तरतालिका बदलते. २०२५ च्या प्रवेशाच्या पेपरचा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आणि सगळी भिस्त क्लॅटवर ठेवू नकोस. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची आयलेट ही प्रवेश परीक्षा वेगळी असते, तिच्यात १५० प्रश्नांपैकी ७० तर्काचे. महाराष्ट्राच्या एमएच-सीईटी लॉ या कायदा प्रवेश परीक्षेत निगेटिव्ह मार्किंग नाही आणि पेपर मराठीतही असतो, हा तुझ्यासाठी मोठा फायदा. गोव्याची म्हणून तुझी गणना तिथे राज्याबाहेरच्या उमेदवारांत होईल, त्या जागा किती ते महाविद्यालयागणिक बघावं लागतं. क्लॅटमध्येही बऱ्याच विद्यापीठांत स्थानिकांसाठी जागा राखीव असतात, त्यामुळे मागच्या वर्षीचे शेवटचे क्रमांक बघताना अखिल भारतीय रकाना बघ, राज्याचा नको. मिरामारचं साळगावकर आणि मडगावचं कारे ही गोवा विद्यापीठाशी संलग्न कायदा महाविद्यालयं आहेत. त्यांची चालू वर्षाची माहितीपत्रकं जानेवारीपासून बघत राहा, आणि रहिवासी दाखल्याचा अर्ज मामलेदार कचेरीत डिसेंबरातच टाकून ठेव, बारावीच्या निकालानंतर तिथे रांग लागते.